साळूबाईला काहीच झालेलं नव्हतं

एका जंगलात, बाळांनो, वाघसुद्धा दवाखान्यात नंबर लावून बसायचा. यावरून ते जंगल किती जुनं आणि किती सुधारलेलं होतं, ते तुमचं तुम्हीच ठरवा. गोष्ट मध्येच तोडून विचारायचं नाही.

त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदर राहायची. वय वर्षं पंचाहत्तर. काय म्हणालात, साळिंदर इतकं जगत नाही? पुस्तकात लिहिलंय? मग पुस्तकाजवळ जाऊन बसा, इथे कशाला आलात?

तर साळूबाई पंचाहत्तरची. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. दोन मुलं डोंगरापलीकडच्या जंगलात संसाराला लागलेली. सणासुदीला त्यांचा निरोप यायचा, "आई, तब्येतीला जप." आई जपायची. म्हणजे काय करायची, तर सकाळी उठून टेकडीपर्यंत चालत जायची, कंद उकरायची, तिथेच बसून कडाकडा चावून खायची आणि घरी येऊन आडवी व्हायची. तिला भूक लागायची. तिला झोप लागायची. पोट साफ व्हायचं. खिदळू नका. या वयात पोट साफ होणं म्हणजे काय चीज असते, ते तुम्हाला पंचाहत्तरीला कळेल.

एकच उणीव होती. बोलायला कुणी नव्हतं. कंद कितीही छान निघाला तरी ते कुणाला तरी सांगावं लागतं, नाहीतर तो नुसताच पोटात जातो. साळूबाई कधी कधी स्वतःशीच मोठ्याने बोलायची आणि आपलाच आवाज ऐकून गप्प व्हायची. फार एकटं वाटायचं तिला.

ओढ्याकाठी एक ऐनाचं झाड आडवं पडलं होतं. त्याच्या बुंध्यावर रोज सकाळी म्हातारी मंडळी जमायची. मंडळाचं नाव ज्येष्ठ प्राणी मंडळ. लांबूनसुद्धा गप्पांचा कलकलाट ऐकू यायचा. एक दिवस साळूबाईने धीर केला. काटे नीटनेटके केले, ताजे दोन कंद घेतले आणि गेली.

बुंध्याच्या मधोमध, जिथे कोवळं ऊन पडायचं, तिथे अस्वलअण्णा बसले होते. ते मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या उजव्या हाताला रोहीणकाकू, म्हणजे नीलगाय. डाव्या हाताला तरसनाना. आणि पार टोकाला एक रिकामी जागा होती, तिथे मुंग्या होत्या.

"या, या," अण्णा म्हणाले. "नवीन दिसता. तुमचं काय?"

"माझं काय म्हणजे?"

"म्हणजे काय काय आहे? हे बघा, माझी साखर आहे, बीपी आहे, गुडघे दोन्ही आहेत, शिवाय पित्त. रोजच्या अकरा गोळ्या." अण्णांनी सात खणांची बांबूची डबी उघडून दाखवली. खण ओसंडून वाहत होते.

"माझ्या नऊ," रोहीणकाकू म्हणाल्या. "पण त्यातली एक अशी आहे की डॉक्टर म्हणाले, काकू, ही बैलाला दिली तर बैल झोपेल."

"माझ्या पाचच," तरसनाना ओशाळून म्हणाले. "पण माझ्या छातीत स्प्रिंग बसवली आहे."

"स्प्रिंगचे पाच गुण जादा धरतो आपण," अण्णा म्हणाले. "हां, बोला. तुमचं?"

साळूबाईने आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे, डोकं खाजवून आठवलं. "तसं काही नाही हो," ती म्हणाली. "भूक लागते. झोप येते."

कुणाच्या घरी सुतक असताना कुणी लग्नाचं आमंत्रण घेऊन जावं, तसं झालं.

"काहीच नाही?" काकूंनी हळूच विचारलं.

"नाही."

"मग दाखवून घ्या हो एकदा," काकू म्हणाल्या. "या वयात काहीच नाही म्हणजे आत काहीतरी मोठं असणार."

साळूबाईने कंद पुढे केले. अण्णा म्हणाले, "साखर." काकू म्हणाल्या, "वात." नानांनी हात पुढे केला होता, पण दोघांकडे बघून मागे घेतला. मग अण्णांनी साळूबाईला टोकाची जागा दाखवली. त्या मंडळाचा नियमच तसा होता. ज्याचं दुखणं मोठं त्याला मधली ऊब, ज्याचं लहान त्याला कड, आणि ज्याला दुखणंच नाही त्याला मुंग्या. बोलायचा क्रमही तोच. तिची पाळी येईपर्यंत मंडळी उठून घरी गेली.

असं आठ दिवस चाललं. साळूबाई मुंग्या झटकत बसायची. गप्पा रंगायच्या, पण तिला त्यात तोंड घालता यायचं नाही. लोक पथ्यावर बोलायचे, तिला पथ्य नव्हतं. लोक रिपोर्टवर बोलायचे, तिच्याकडे रिपोर्ट नव्हता. एकदा तिने "काल मला शिंक आली" असं म्हणून बघितलं. कुणी मानसुद्धा वळवली नाही.

नवव्या दिवशी ती बगळा डॉक्टरांकडे गेली. बगळा डॉक्टर फार शांत. एका पायावर उभं राहून तासन् तास पेशंटचं ऐकून घ्यायचे. त्यांनी साळूबाईची नाडी बघितली. जीभ बघितली. डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या. पाठ तपासताना चोच काट्यांत अडकली, ती सोडवून घेतली.

"आजी, तुम्हाला काहीही झालेलं नाही."

"नीट बघा."

"बघितलं."

"लांबून आले हो. एखादी बारीकशी गोळी तरी द्या."

"कशावर?"

"ते तुम्ही ठरवा. डॉक्टर तुम्ही आहात."

"नाही आजी."

"टॉनिक?"

"नाही."

"सुई टोचा मग."

"तुमच्याच अंगावर हजार सुया आहेत," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पळसाच्या पानावर लिहून दिलं : रोज चालता तसंच चाला.

साळूबाईने ते पान मंडळात दाखवलं. ते हातोहात फिरलं. अण्णांनी दोन्ही बाजूंनी बघितलं आणि मान हलवली.

"गेला हा डॉक्टर," ते म्हणाले. "पूर्वी हुशार होता. आता लक्ष नाही राहिलं त्याचं. औषध न देता परत पाठवतात होय कुणाला?"

"गरिबाला कुणी वाली नाही," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं हं. ही माणसं, म्हणजे हे प्राणी, वाईट मुळीच नव्हते. तिथेच तर सगळी गोची आहे.

कारण मग काकूंनी आपली डबी उघडली. "ही घ्या माझी पिवळी," त्या म्हणाल्या. "बीपीची आहे. मला हिचा फार गुण आला. घ्या हो, लाजताय काय?"

"आणि ही माझी पांढरी," अण्णा म्हणाले. "साखरेची. झाली नसेल तर होणार नाही, झाली असेल तर जाईल. दोन्हीकडून फायदा."

मग नाना उठले. ते हळूहळू चालत टोकाला आले आणि साळूबाईच्या तळहातावर त्यांनी एक तांबडी गोळी ठेवली. "माझ्याकडे देण्यासारखी हीच एक चांगली आहे," ते म्हणाले. "रक्त पातळ राहतं हिने. तुम्ही आल्यापासून इथे यावंसं वाटतं मला. रोज देत जाईन."

तीन वर्षांत साळूबाईला कुणी काही हातात आणून दिलं नव्हतं. तिने तिन्ही गोळ्या एका घोटात गिळल्या. अण्णा सरकले, काकू सरकल्या, आणि साळूबाई पहिल्यांदा उन्हात बसली.

तिसऱ्या दिवशी तिला घेरी आली.

तुम्हाला वाटेल ती घाबरली. छे. ती पळत मंडळात आली, म्हणजे पळायला गेली आणि दोनदा झाडाला धरून उभी राहिली. "मला घेरी आली," तिने आल्या आल्या सांगितलं.

"कशी आली? गोल गोल की मागून धक्का दिल्यासारखी?" काकूंनी सरसावून विचारलं.

"आधी गोल गोल, मग धक्का."

"वा," अण्णा म्हणाले. "बसा, बसा. सविस्तर सांगा."

साळूबाईने सविस्तर सांगितलं. सगळे ऐकत होते. असं कुणी ऐकलं की किती बरं वाटतं म्हणून सांगू. पुढच्या आठवड्यात तिला दरदरून घाम यायला लागला, हातपाय थरथरायला लागले, अंगावर कुठेही बोट लागलं तरी काळंनिळं उमटायला लागलं. रोज नवीन बातमी. टेकडीपर्यंत चालवेना म्हणून कंद सुटले. भूक गेली. रात्रभर टक्क जागी. साळूबाई वाळून काडी झाली, पण बुंध्यावर आता ती काकूंच्याही वरच्या जागेवर बसायची. अण्णांना अध्यक्षपद धोक्यात दिसायला लागलं होतं.

पंधराव्या दिवशी ती ओढ्याच्या काठावर पडली. पाय घसरला वगैरे काही नाही, उभ्याउभ्या पडली. दगडावर खोक पडली आणि रक्त थांबेचना. अण्णांनी तिला पाठीवर घेतलं, अण्णांच्या पाठीत तिचे काटे रुतले, पण अण्णा बिचारे कुरकुरले नाहीत. तिघांनी मिळून तिला बगळा डॉक्टरांकडे पोचवलं आणि बाहेर झाडाखाली उभे राहिले.

डॉक्टरांनी पाला ठेचून जखम दाबून धरली. साळूबाईच्या तोंडात मध घातला. जरा वेळाने तिने डोळे उघडले.

"आजी, काय खाल्लंत?"

"काही नाही."

"गोळ्या कुठल्या घेताय?"

"तुम्ही कुठे दिल्यात?"

डॉक्टरांनी तिची डबी उघडली. हो, तिच्याकडेही आता डबी होती. त्यांनी गोळ्या पानावर ओतल्या आणि रंगांप्रमाणे वेगळ्या केल्या.

"ही साखरेची. साखर तुम्हाला नाही, म्हणून हिने तुमचा जीवच घेतला असता. ही बीपीची. बीपी तुम्हाला नाही, म्हणून घेरी. कुणाच्या आहेत या?"

साळूबाईने तोंड मिटून घेतलं. नाव सांगितलं की डॉक्टर गोळ्या बंद करणार. मंडळाचं नाव खराब होणार. आणि तिची उन्हातली जागा, ती ऐकणारी माणसं, ती "सविस्तर सांगा", सगळं जाणार. परत मुंग्या. मुंग्यासुद्धा नाही, परत घर. त्यापेक्षा मेलेलं काय वाईट, असं तिला वाटलं.

डॉक्टर बराच वेळ एका पायावर उभे राहिले. मग त्यांनी तांबडी गोळी पुढे सरकवली.

"बरं, त्या दोन राहू द्या. ही एक सांगा. ज्याची ही आहे, त्याची स्प्रिंग हिच्यावर चालते. तो जर ही तुम्हाला देत असेल, तर स्वतः घेत नाही. पंधरा दिवस घेतली नसेल, तर आजी, तो आज आहे आणि उद्या नाही."

साळूबाईने दाराबाहेर बघितलं. अण्णा पाठीतले काटे उपटत होते. काकू देवाचं नाव घेत होत्या. नाना झाडाला टेकून बसले होते. तरसाचं तोंडच असं की ते कायम हसतंय असं वाटतं, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पण त्यांचा एक पंजा छातीवर घट्ट दाबलेला होता आणि तोंडातून फेस आला होता.

"नानांची आहे," साळूबाई म्हणाली. "धावा, डॉक्टर. पांढरी अण्णांची, पिवळी काकूंची, पण तुम्ही आधी नानांकडे धावा."

डॉक्टर दोन्ही पाय खाली टेकून धावले. त्यांना असं धावताना जंगलाने पहिल्यांदाच बघितलं. नाना वाचले. थोडक्यात वाचले, पण वाचले.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांनी साळूबाईचे आभार मानले. तुम्ही अजून लहान आहात.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मंडळातल्या सगळ्या डब्या मागवल्या आणि एकेक गोळी हातात घेऊन विचारलं, ही कुणी दिली, कधी दिली, कशाला दिली. तेव्हा काय काय बाहेर आलं. अण्णांच्या अकरापैकी चार गोळ्या एकाच दुखण्याच्या निघाल्या, फक्त रंग वेगळे. काकूंची बैल झोपवणारी गोळी कुठल्याच डॉक्टरने दिली नव्हती, ती त्यांच्या नणंदेची होती आणि नणंद जाऊन सात वर्षं झाली होती. अण्णांच्या उरल्या तीन. काकूंच्या दोन. नानांच्या मात्र पाचच्या पाच राहिल्या, वर ताकीद मिळाली की यातली एक जरी कुणाला दिलीत तर स्प्रिंग काढून घेईन.

महिनाभरात अण्णांचं पित्त गेलं. काकूंची दिवसाची झापड गेली, त्यांना आजूबाजूचं स्पष्ट दिसायला लागलं आणि जे दिसलं ते त्यांना फारसं आवडलं नाही. आणि बुंध्यावर बोलायला विषयच उरला नाही.

"तीन गोळ्यांवर अध्यक्ष राहायचं म्हणजे काय," अण्णा म्हणाले. "उद्या खारीसुद्धा उभी राहील माझ्याविरुद्ध."

"सगळं त्या साळूबाईमुळे," काकू म्हणाल्या. "विश्वासाने दिलं आपण. घरातल्यासारखं दिलं. आणि हिने नावं घेतली."

साळूबाई बरी होऊन मंडळात आली, तेव्हा बुंध्यावर सगळे पाय पसरून बसले होते. "जागा नाही," अण्णा म्हणाले. मुंग्यांच्या जागेवर त्यांनी एक धोंडा ठेवला होता. नाना अजून घरी पडून होते, नाहीतर ते काही बोलले असते. कदाचित.

साळूबाई घरी आली. तिला परत भूक लागायला लागली. झोप यायला लागली. काटे तुकतुकीत झाले. ती टेकडीवर जायची, कंद खायची, परत यायची, आणि मग संध्याकाळी दारात बसून रडायची. जीव वाचला होता पण करमत नव्हतं. यावर बगळा डॉक्टरांकडे औषध नव्हतं. तिने विचारलं होतं.

एक दिवस रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि ती जंगलात गेली. धावड्याच्या झाडाचा डिंक खरवडून आणला. करवंदं वाळवली. सुंठ कुटून मधात वळली आणि तिच्या बारीक बारीक गोळ्या केल्या. काही हळदीत घोळवल्या, काही राखेत. मग बांबूची नवी डबी कोरली. सात खणांची नाही, चौदा खणांची.

दुसऱ्या दिवशी ती लंगडत लंगडत ओढ्याकाठी आली. कुणी ये म्हटलं नाही. ती झाडाला धरून उभी राहिली आणि तिने एक मोठा सुस्कारा सोडला.

"काय झालं?" काकूंना राहवेना.

"बोलण्यासारखं नाही," साळूबाई म्हणाली.

बुंध्यावर चुळबुळ सुरू झाली. आजवर त्या बुंध्यावर बोलण्यासारखं नाही असं दुखणं कुणी आणलंच नव्हतं.

"डॉक्टरांना दाखवलं?" अण्णांनी विचारलं.

"दाखवलं. ते म्हणाले, आजी, असं मी आयुष्यात पाहिलं नाही."

आणि बाळांनो, हे खोटं नव्हतं. बगळा डॉक्टर आदल्याच दिवशी तिची नाडी बघून अगदी हेच म्हणाले होते. कशाबद्दल म्हणाले, ते तिने सांगितलं नाही, एवढंच.

"गोळ्या?" अण्णांचा आवाज खाली आला होता.

साळूबाईने डबी उघडली. "सतरा," ती म्हणाली. "सकाळच्या."

अण्णा उठले. त्यांनी मधली जागा हाताने झटकली आणि म्हणाले, "बसा." मग स्वतः जाऊन धोंडा उचलला आणि टोकाला बसले. काकूंनी साळूबाईच्या पायाखाली पाला सरकवला. "सविस्तर सांगा," त्या म्हणाल्या. साळूबाईने तासभर सांगितलं. बोलण्यासारखं नसलेलं सांगायला वेळ लागतोच.

"एखादी आम्हाला द्या ना," शेवटी काकू म्हणाल्या. "गुण येतो का बघू."

"आता माझी गोळी मी कुणाला देत नाही," साळूबाई म्हणाली. "आणि कुणाची घेत नाही."

त्याच दिवशी नाना पहिल्यांदा बाहेर पडले होते. काठी टेकत ते बुंध्यापाशी आले आणि साळूबाईच्या शेजारी बसले. त्यांनी आपल्या पाच गोळ्या काढल्या, सगळ्यांदेखत एकेक करून गिळल्या आणि रिकामी डबी उलटी करून दाखवली. मग कुणाला काही न विचारता त्यांनी साळूबाईच्या डबीत हात घातला, एक पिवळी उचलली आणि तोंडात टाकली.

नाना चावत होते. दाताखाली सुंठ आली, मग मध आला. नानांनी चावणं थांबवलं. त्यांनी एकदा डबीकडे बघितलं, एकदा साळूबाईकडे.

"कशी आहे हो, नाना?" टोकावरून अण्णांनी मान लांब करून विचारलं. "कडू आहे का?"

"फार कडू," नाना तोंड वेडंवाकडं करत म्हणाले. "तुम्हाला नाही सोसायची, अण्णा." आणि साळूबाईच्या कानाशी वाकून त्यांनी हळूच सांगितलं, "उद्या जरा जास्त आणा."

तात्पर्य : नेहमी खरं बोलावं, त्याने दुसऱ्याचा जीव वाचतो. आपला जीव रमवायचा असेल तर मात्र म्हातारपणी काहीतरी होत असलं पाहिजे, आणि काहीच होत नसेल तर ते निदान चारचौघांत सांगू नये.